आरोग्य उपक्रमाचा पैसा: कोणता खर्च कोणत्या खिशातून

विद्यार्थी विकास अधिकारी, राष्ट्रीय सेवा योजनेचे (एनएसएस) कार्यक्रम अधिकारी किंवा आरोग्य समितीचे समन्वयक म्हणून नव्याने नेमणूक झाली की हातात आदेशपत्र पडतं, पण त्यासोबत पैसा येत नाही. प्राचार्य म्हणतात, ‘करा काहीतरी चांगलं, निधीचं बघू.’ मग वर्षभर ‘हेडला तरतूद नाही’ (म्हणजे बजेटात त्या शीर्षाखाली पैसे नाहीत) हे उत्तर ऐकायची सवय होते. खरं तर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या आणि संलग्न महाविद्यालयांच्या आजूबाजूला आरोग्यासाठी बराच पैसा असतो. प्रत्येक पैशाला नियम असतात, आणि अर्ज फसतो तो बहुधा चुकीचा खर्च चुकीच्या दारात मागितल्यामुळे. समुपदेशकाचा पगार आमदार निधीतून मागितला किंवा मॅरेथॉनसाठी सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्च करायचा पैसा) मागितला, तर नकार ठरलेलाच आहे.

आधी एकच प्रश्न निवडा

‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण आरोग्यासाठी उपक्रम’ अशा नावाचा प्रस्ताव फायलीतच राहतो. रक्तक्षय, मानसिक ताण, तंबाखू, मासिक पाळीतली स्वच्छता, दृष्टिदोष यांतला पहिल्या वर्षी एकच विषय घ्या आणि त्याचा आपल्या आवारातला आकडा मिळवा.

रक्तक्षयाचं उदाहरण घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात चालतो, पण तो राज्याचा झाला. तुमच्या महाविद्यालयाचा आकडा बहुतेक तुमच्याकडे पडून असतो आणि कुणी पाहिलेला नसतो. गेल्या रक्तदान शिबिरात किती मुली पुढे आल्या आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली म्हणून किती परत पाठवल्या, हे रक्तपेढीच्या नोंदीत असतं. पत्र देऊन फक्त संख्या मागा, नावं मागू नका. रक्तदानाच्या बातमीत पिशव्यांचा आकडा छापून येतो. परत पाठवलेल्या मुलींचा आकडा खरं तर जास्त कामाचा.

खर्चाचे चार ढीग

कुणाकडेही जाण्याआधी एका कागदावर सगळा खर्च चार ढिगांत टाका: माणसं (पगार, मानधन), संपणारं साहित्य (रक्ततपासणीच्या स्ट्रिप, टोचायच्या सुया म्हणजे लॅन्सेट, सॅनिटरी पॅड, छपाई), टिकणारी वस्तू (वजनकाटा, बीपी यंत्र, पॅड जाळण्याचं यंत्र, समुपदेशन खोलीचं फर्निचर) आणि कार्यक्रम (प्रवास, जेवण, मंडप, बॅनर).

माणसांचा खर्च दरवर्षी येतो, म्हणून तो दरवर्षी येणाऱ्या पैशातूनच करायचा, म्हणजे फी आणि संस्थेचं स्वतःचं बजेट. साहित्य सीएसआरला आवडतं, कारण मोजता येतं. टिकणारी वस्तू सीएसआरमधून, माजी विद्यार्थ्यांकडून किंवा खासदार-आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून मिळू शकते. स्थानिक विकास निधी मात्र आवर्ती खर्चाला चालत नाही, तिथे मानधनाचा शब्दही काढू नका. कार्यक्रमाचा खर्च एनएसएस आणि विद्यार्थी विकास मंडळाच्या योजनांमध्ये बसतो. हा नियम मोडून एका वर्षाच्या देणगीवर समुपदेशक नेमला की दुसऱ्या जूनमध्ये ती खोली बंद होते, आणि ज्या मुलांनी मोठ्या कष्टाने बोलायला सुरुवात केली होती ती पुन्हा कधी येत नाहीत. त्यापेक्षा पहिल्या वर्षी आठवड्यातून एकच दिवस समुपदेशक ठेवलेला बरा.

जे फुकट मिळतं ते बजेटमध्ये धरू नका

लोहाच्या गोळ्या विकत घेण्यासाठी निधी मागणारे प्रस्ताव नेहमी दिसतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयोगटासाठी आहे, म्हणजे प्रथम आणि द्वितीय वर्षाची बरीच मुलं-मुली त्यात येतात. अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात या वयाला आठवड्यातून एक निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड) आणि वर्षातून दोनदा ४०० मिलिग्रॅमची जंतनाशक गोळी आहे. २० च्या पुढच्या स्त्रियांसाठी लाल गोळी आहे. हे सगळं सरकारी साखळीतून येतं.

मागणीपत्र ग्रामीण भागात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या, शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाला. पत्रात वयानुसार मुलं-मुलींची संख्या, दोन पर्यायी तारखा, खोली व पिण्याच्या पाण्याची सोय आणि एका जबाबदार शिक्षकाचं नाव हवं. संख्या नसलेलं पत्र पुढच्या मागणीपत्रकात चढवता येत नाही, म्हणून ते टेबलावरच राहतं. परीक्षेच्या आणि दिवाळीच्या आठवड्यातल्या तारखा देऊ नका.

गोळी मिळाल्यावरची चूक जास्त महागात पडते. सकाळच्या लेक्चरला, उपाशीपोटी वाटली की चार मुलींना मळमळतं, दुपारपर्यंत ‘गोळीने चक्कर येते’ ही बातमी वसतिगृहात पोचते, आणि पुढच्या सोमवारी गोळ्या डस्टबिनमध्ये दिसतात. जेवणानंतर, पाण्याबरोबर, समोर घ्यायला लावा. चहाबरोबर नको, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. शौचाचा रंग काळपट होतो हे आधीच सांगून ठेवा.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलते. त्याचा खर्च फक्त छपाईचा. हा नंबर नोटीसबोर्डापेक्षा वसतिगृहाच्या बाथरूमच्या दाराला आतून लावा, तिथे तो कुणाच्या नजरेत न येता टिपून घेता येतो. जिल्हा रुग्णालयातला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक यांच्याशी संदर्भसेवेचं पत्र आधीच करून ठेवा. एचआयव्हीविषयक जनजागृतीसाठी रेड रिबन क्लबची नोंदणी जिल्हा एड्स नियंत्रण कक्षाकडे होते.

घरातला पैसा आणि त्याचं वेळापत्रक

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आणि आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ आहे. त्यांच्या योजनांसाठी महाविद्यालयांकडून प्रस्ताव मागवले जातात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची निर्भय कन्या अभियान ही अशीच एक योजना. परिपत्रक आलं की दोन-तीन आठवड्यांची मुदत असते आणि ते प्राचार्यांच्या ईमेलमध्ये बुडतं. म्हणून मंडळाचं संकेतस्थळ दर सोमवारी स्वतः बघा.

विद्यापीठाच्या स्वतःच्या बजेटमध्ये नवं हेड हवं असेल तर मागणी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पोचली पाहिजे. ती वित्त व लेखा समितीतून व्यवस्थापन परिषदेकडे आणि तिथून मार्चमध्ये अधिसभेपुढे जाते. जूनमध्ये सुचलेली कल्पना त्या वर्षीच्या बजेटात बसत नाही. महाविद्यालयाच्या पातळीवर हेच काम महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत होतं. ठरावाची प्रत घेऊन ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक अर्जाला ती जोडावी लागते.

फीबद्दल एक सावधगिरी. मंजूर फीरचनेत नसलेलं ‘आरोग्य शुल्क’ परस्पर गोळा करता येत नाही, आणि शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते अंगाशी येतं. आधी चालू फीपावतीतली शीर्षं वाचा. वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी कल्याण, विमा अशी शीर्षं बहुधा असतातच आणि त्यातली शिल्लक वर्षानुवर्षं पडून असते. लेखापालांकडे गेल्या तीन वर्षांची जमा आणि खर्च मागा. आरोग्य उपक्रमाची पहिली मंजुरी मिळायला याहून सोपी जागा नाही.

एनएसएसचं अनुदान स्वयंसेवकांच्या संख्येवर मिळतं. १ एप्रिल २०१६ पासून ही योजना पूर्णपणे केंद्राच्या पैशावर चालते. एका स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यायचे. १०० च्या एककाला सात दिवसांच्या विशेष शिबिराचं अनुदान ५० स्वयंसेवकांचं. त्या सात दिवसांत दत्तक गावात आरोग्य तपासणी बसवता येते, पण शिबिराच्या पैशातून गावकऱ्यांसाठी औषधं घेतली की लेखापरीक्षणात आक्षेप येतो. औषधं प्राथमिक आरोग्य केंद्राची (पीएचसी), मनुष्यबळ एनएसएसचं, अशी वाटणी ठेवा.

समुपदेशक: हिशेब आधी, नेमणूक नंतर

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे, आणि त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संदर्भव्यवस्था करायची आहे. शिक्षक-कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा. टिपणीच्या पहिल्या ओळीत हे लिहा. ‘गरज आहे का’ यावरची चर्चा तिथेच संपते आणि ‘पैसे कुठून’ यावर येते.

२,४०० विद्यार्थ्यांचं महाविद्यालय धरा. महिना ३०,००० रुपयांवर पूर्णवेळ समुपदेशक म्हणजे वर्षाला ३,६०,००० रुपये, विद्यार्थ्यामागे १५० रुपये. व्यवस्थापनासमोर तीन लाख साठ हजार म्हणण्यापेक्षा दीडशे रुपये म्हणा. तेही जमत नसेल तर अर्धवेळ: आठवड्यात तीन दिवस, चार-चार तास. एक सत्र ४५ मिनिटांचं आणि १५ मिनिटं नोंदीसाठी, म्हणजे दिवसाला चार, आठवड्याला १२, अध्यापनाच्या ३० आठवड्यांत ३६० सत्रं. एका विद्यार्थ्याला सरासरी चार सत्रं लागली तर वर्षात ९० विद्यार्थी. यावरून अर्धवेळ नेमणूक कुठवर पुरेल ते समजतं, आणि ‘वर्षात हजार विद्यार्थ्यांचं समुपदेशन’ असं आश्वासन प्रस्तावात लिहायचा मोहही आवरतो.

मानधन व्यावसायिक फी म्हणून दिलं तर वर्षाला ५०,००० रुपयांच्या पुढे १० टक्के टीडीएस कापावा लागतो. हे आधी न सांगितल्याने पहिल्याच कपातीला वाद होतो. खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर देऊ नका. तिथे कुणी पाऊल टाकत नाही आणि मग ‘प्रतिसाद नाही’ म्हणून हेड बंद होतं.

सीएसआर: कुणाकडे, कधी, कशासाठी

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी निव्वळ मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एकही अट लागू होणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. अनुसूची सातमध्ये प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा, कुपोषण निर्मूलन आणि स्वच्छता स्पष्ट लिहिलेली आहे, त्यामुळे विषय बसवायला कसरत लागत नाही.

नवखे लोक मुंबईतल्या मोठ्या नावांना पत्रं पाठवतात. उत्तर येत नाही, कारण तिथे वर्षाची योजना आधीच ठरलेली असते आणि छोटे प्रकल्प सांभाळायला माणसं नसतात. त्याऐवजी तुमच्या तालुक्याच्या एमआयडीसीकडे बघा. ज्या कंपनीची सीएसआर जबाबदारी ५० लाखांपर्यंत आहे (म्हणजे सरासरी नफा २५ कोटींपर्यंत), तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही. संचालक मंडळच निर्णय घेतं. दोन-तीन लाखांच्या प्रस्तावाला अशा ठिकाणी एका बैठकीत हो मिळू शकतं. गाठायचं कुणाला? फॅक्टरीच्या एचआर प्रमुखांना. त्यांच्याकडे तुमचेच माजी विद्यार्थी काम करत असण्याची शक्यताही बरीच.

पैसे घेण्याची पात्रता आधी तपासा. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ थेट पात्र ठरतं. संलग्न महाविद्यालयाच्या बाबतीत पैसे घेते ती संस्था म्हणजे ट्रस्ट किंवा सोसायटी. तिच्याकडे प्राप्तिकर सवलतीसाठीची १२ए आणि ८०जी नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. दोघांनाही कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. फॉर्म सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून प्रमाणित होतो. फॉर्म भरून होतो लवकर; वेळ जातो तो विश्वस्तांची डिजिटल सही आणि जुनं पॅन यांची नावं जुळवण्यात. क्रमांक नसेल तर कंपनी स्वतः पुरवठादाराला पैसे देऊन साहित्य शिबिरात पोचवू शकते. पहिल्या वर्षी हा रस्ता वाईट नाही.

नियमात न बसणाऱ्या गोष्टी माहीत हव्यात. मंत्रालयाच्या १८ जून २०१४ च्या परिपत्रकाने मॅरेथॉन, पुरस्कार, प्रायोजकत्व असे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरू नयेत असं स्पष्ट केलं होतं. ‘आरोग्य दौड’ हा आवडता उपक्रम इथेच बाद होतो. संस्थेच्या कायम निधीत (कॉर्पस) दिलेली रक्कम २०२१ नंतर सीएसआर ठरत नाही. फक्त त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीचं शिबिरही नाही. यंत्र घेतलं तर ते संस्थेच्या नावावर, डेड स्टॉक रजिस्टरला (टिकणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करून.

वेळ: कंपन्यांची वार्षिक योजना मार्च ते जूनदरम्यान ठरते. त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत भेटा. पण डिसेंबरनंतर न खर्चलेली रक्कम कंपनीला टोचायला लागते, कारण चालू प्रकल्पाला बांधलेली नसेल तर ती वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत सरकारी निधीत भरावी लागते. म्हणून एक लहान, तयार, सहा आठवड्यांत संपणारा प्रस्ताव खणात ठेवा. फेब्रुवारीत फोन आला तर त्याच दिवशी पाठवता आला पाहिजे. तीन वर्षांचं काम असेल तर ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी मागा. सुरुवातीच्या वर्षाशिवाय आणखी तीन वर्षांपर्यंत ते चालू शकतं.

बॅनरवरच्या लोगोचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण त्यात जीएसटी आहे. देणगीदाराचं नाव कृतज्ञता म्हणून लावलं आणि त्यात जाहिरात नसेल तर कर लागत नाही, असं ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात आहे. पण करारातच ‘स्टॉल लावू, उत्पादनाची माहिती देऊ’ असं लिहून बसलात तर ती सेवा ठरू शकते. करारात ‘देणगी’ हा शब्द ठेवा आणि ‘प्रायोजक’ हा शब्द टाळा. पॅडच्या किंवा पौष्टिक पावडरच्या कंपन्या नमुने वाटायला उत्सुक असतात, त्यांच्या बाबतीत तर नक्कीच.

प्रस्ताव चार पानांपेक्षा मोठा नको: प्रश्न आणि तुमचा आकडा, काय करणार, महिनावार वेळापत्रक, खर्चाचा तक्ता, तीन मोजमापं, बँक व नोंदणीचे कागद. व्हिजन, मिशन आणि नॅकची श्रेणी शेवटच्या पानावर.

गावातला वाटा

दत्तक गावातल्या कामासाठी ग्रामपंचायतीकडे रिकाम्या हाताने जायची गरज नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. शिवाय ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीकडे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा बंधनमुक्त निधी येतो. किशोरवयीन मुलींची तपासणी किंवा दिव्यांगांच्या साधनांचं सर्वेक्षण या खर्चात बसतं. आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून सुरू होतात, तेव्हा तुमचं काम आराखड्यात लिहून घ्या. डिसेंबरमध्ये शिबिर घेऊन गेलात की सरपंच चहा देतात, पैसे देऊ शकत नाहीत. आशाताई आणि आरोग्यसेविकेला तारीख ठरवतानाच सोबत घ्या. ती तारीख गावाच्या आठवडी बाजाराची निघाली तर तपासायला कुणी मिळत नाही.

माजी विद्यार्थी

थोड्या रकमा, पण अटी कमी. ८०जी असलेल्या संस्थेला २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला सूट मिळत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेक. देणग्यांचं १०बीडी विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरलं नाही तर देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही आणि पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत पासपोर्ट विचारावाच लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. न्यू जर्सीत स्थायिक होऊन अमेरिकी नागरिक झालेल्या, ओसीआय कार्ड असलेल्या माजी विद्यार्थ्याचे पैसे मात्र ठरतात, आणि तिथल्या मराठी मंडळाने पाठवलेलेही. त्यासाठी ट्रस्टला परकीय देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. ते नसताना पैसे साध्या खात्यात आले तर परत पाठवा, ‘नंतर बघू’ म्हणू नका.

एक तपासणी शिबिर, आकड्यांसकट

६०० मुलींची डिजिटल यंत्राने हिमोग्लोबिन तपासणी करायची आहे. एका मुलीला चार मिनिटं, एका टेबलावर तासाला १५. चार टेबलं, पाच तास, म्हणजे दिवसाला ३००. दोन दिवस लागतील. ‘एका दिवसात उरकू’ म्हटलं की तीननंतर नोंदी अर्धवट राहतात. स्ट्रिप खराब होण्यासाठी १० टक्के जास्त धरा: ६६० स्ट्रिप, ६६० लॅन्सेट, तेवढेच स्पिरिट स्वॅब. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी नसेल तर पहिलीला अर्थ नाही. निम्म्या मुली १२ च्या खाली आल्या असं समजून दुसऱ्या फेरीला ३३०. एकूण ९९० स्ट्रिप. दुसऱ्या फेरीचा खर्च पहिल्याच प्रस्तावात मागायचा, पण त्या स्ट्रिप एकदम विकत घ्यायच्या नाहीत. डबी उघडली की मुदत कमी होते आणि दमट हवेत त्या लवकर बिघडतात.

टोचणाऱ्या हातावर बरंच अवलंबून आहे. स्पिरिट वाळू न देता टोचलं तर थेंब पसरतो. पहिला थेंब पुसून टाकायचा. बोट दाबून-दाबून रक्त काढलं तर त्यात पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. मग अहवालात रक्तक्षयाचं प्रमाण भयानक दिसतं, देणगीदार खूश होतो आणि दुसऱ्या फेरीत तुमचं काम उगाचच यशस्वी ठरतं. दोन्ही फेऱ्यांना तेच यंत्र आणि जमल्यास तेच तंत्रज्ञ ठेवा.

वापरलेले लॅन्सेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आरोग्य शिबिरंही येतात. हा कचरा पीएचसी किंवा सहभागी रुग्णालय घेऊन जाईल असं लेखी घ्या, नाहीतर संध्याकाळी शिपाई तो महाविद्यालयाच्या कचराकुंडीत टाकतो. ८ च्या खाली आकडा आलेल्या मुलीला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं असतं, त्यासाठी वाहनखर्चाची एक ओळ बजेटात हवी. ही ओळ जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात राहून जाते.

हिशेब

मंजुरी आधी, खरेदी नंतर. मंजुरीच्या तारखेआधीचं बिल कितीही खरं असलं तरी नामंजूर होतं. विद्यापीठाची लेखासंहिता वाचा आणि कोटेशनची मर्यादा लेखाविभागाकडून लेखी घ्या. ती चुकवायला एकच खरेदी तीन बिलांत तोडली तर लेखापरीक्षक तारखा बघून लगेच ओळखतो. प्रत्येक स्रोताला वेगळी खतावणी ठेवा. एकाच डॉक्टरांच्या मानधनाची पावती एनएसएस आणि सीएसआर दोन्हींना लागली असेल, तर उद्देश शुद्ध असूनही तो गैरव्यवहारच. ५,००० रुपयांपुढच्या पावतीवर महसूल तिकीट लावा.

केंद्राच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत. त्यात अनुदानावर बँकेने दिलेलं व्याजही दाखवून परत करावं लागतं. ते विसरल्यामुळे शंभर-दोनशे रुपयांसाठी पुढचा हप्ता अडकलेला दिसतो. सीएसआरमध्ये कंपनीच्या वित्तप्रमुखाला पैसे मंजूर कामावरच खर्च झाल्याचं प्रमाणित करावं लागतं. त्याला बिलांच्या प्रती आणि सीएचं प्रमाणपत्र एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात हवं असतं. ते वेळेवर गेलं तर पुढच्या वर्षीचा अर्धा प्रस्ताव तिथेच मंजूर होतो.

देणगीदाराला काय द्यायचं नाही

किती जणींची तपासणी झाली, किती जणी १२ च्या खाली होत्या, तीन महिन्यांनी त्यांतल्या किती परत आल्या, किती जणींचा आकडा वाढला, एवढं पुरे. नावं, वर्गनिहाय याद्या, समुपदेशनाच्या नोंदी कुणालाही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार ती माहिती गोपनीय आहे. गट दहापेक्षा लहान असेल तर आकडाही देऊ नका, एम.एस्सी.च्या सात मुलींमध्ये ‘एक’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. फोटो हवेतच असं कंपनी म्हणेल. रिकामी टेबलं, रांगेच्या पाठी, साहित्याची खोकी यांचे द्या. चेहरा दाखवायचा तर त्या विद्यार्थ्याची लेखी संमती शिबिरानंतर घ्या. शिबिराच्या दारात, तपासणीच्या फॉर्मवरच सही घेतली तर तिला संमती म्हणता येत नाही.